कारखान्यातील आणि गोदामातील वायरलेस जाळे : खर्च करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर

कारखान्यात वाय-फाय बसवण्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत तीन पुरवठादारांची कोटेशने टेबलावर येतात आणि चर्चा ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वाय-फायचा संकेत सोडणाऱ्या उपकरणाच्या, दरावर सुरू होते. कोणाचा नग स्वस्त, कोणाची वॉरंटी जास्त, कोण किती सूट देतो, एवढ्यावरच निर्णय होतो. या क्रमाने घेतलेला निर्णय क्वचितच फळतो, कारण वायरलेस जाळ्याची किंमत उपकरणांवरून ठरत असली तरी त्याचे मूल्य त्यावर चालणाऱ्या कामावरून ठरते. जाळे बंद पडल्यावर कोणते काम थांबते आणि त्या थांबण्याची किंमत किती, हे ज्याला माहीत नाही त्याला कोणते कोटेशन स्वस्त आणि कोणते महाग हेही ठरवता येत नाही.

पुढील विवेचनासाठी एक कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा, सुमारे ३०० माणसांचा कारखाना. दोन मोठ्या शेड, एक स्टोअर, डिस्पॅचचे अंगण आणि दुमजली कार्यालय. हा कारखाना आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण त्याच्या अडचणी रांजणगाव, वाळूज, सातपूर किंवा भिवंडीच्या गोदामांत रोज दिसतात तशाच आहेत.

पहिली पायरी : कामांची यादी, जागेनुसार

कोऱ्या कागदावर कारखान्याचा नकाशा काढावा आणि प्रत्येक जागी कोणते काम वायरलेसवर व्हावे अशी अपेक्षा आहे ते लिहावे. स्टोअरमध्ये हँडहेल्ड स्कॅनरने माल आत-बाहेर नोंदवणे, फोर्कलिफ्टवरील टॅब्लेटवर पुढच्या पॅलेटची जागा दिसणे, डिस्पॅचमध्ये चलान आणि लेबल छापणे, तपासणीच्या टेबलावर गुणवत्तेचे मोजमाप थेट प्रणालीत भरणे, पर्यवेक्षकांचे वाय-फायवरून बोलणे, कार्यालयातील लॅपटॉप, आणि भेटीला आलेल्या ग्राहकांसाठी इंटरनेट. ही यादी आयटी विभागाने एकट्याने करू नये. स्टोअर आणि डिस्पॅचचे प्रमुख सोबत असले पाहिजेत, कारण माल नेमका कुठे अडतो ते त्यांनाच ठाऊक असते.

यादी झाली की प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न विचारावा : हे पंधरा मिनिटे बंद पडले तर काय होईल? डिस्पॅचचे स्कॅनर बंद पडले तर गाडी फाटकावर उभी राहते आणि ग्राहकाच्या कारखान्यात माल उशिरा पोहोचतो. पाहुण्यांचे इंटरनेट बंद पडले तर थोडी गैरसोय होते. या दोन्हींना सारख्याच तयारीचे जाळे देणे म्हणजे एकीकडे पैसे वाया घालवणे आणि दुसरीकडे धोका पत्करणे होय. त्याच वेळी जे काम वायरलेसवर येऊच नये तेही वेगळे काढावे. एका जागी कायम बसवलेले सीएनसी यंत्र, स्थिर कॅमेरा, हजेरीचे यंत्र यांना केबलच द्यावी. आणीबाणीत यंत्र थांबवणारी सुरक्षा यंत्रणा साध्या वाय-फायवर कधीही ठेवू नये. जे हलते त्यालाच वायरलेस द्यायचे, हा नियम पाळला तर जाळ्यावरचा भार सुरुवातीलाच बराच कमी होतो.

दुसरी पायरी : पाच वर्षांचा हिशेब

संपूर्ण लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी, कारण पुढच्या बहुतेक चुका हा हिशेब न मांडल्यामुळे होतात. खालील रकमा केवळ रीत दाखवण्यासाठी धरल्या आहेत. वाचकाने तिथे आपल्या कोटेशनमधील आणि आपल्या वह्यांतील आकडे घालावेत. जीएसटीचे क्रेडिट मिळते असे धरून तो कर बाहेर ठेवला आहे.

समजा, संपूर्ण कारखान्यासाठी ३० ॲक्सेस पॉइंट लागतात आणि नगाला ३०,००० रुपये पडतात, म्हणजे ९ लाख. त्यांना वीज आणि जोडणी देणारे स्विच ३ लाख, केबल आणि फायबर ४ लाख, सर्व्हे आणि उभारणी दीड लाख. पहिल्या दिवसाचा खर्च साडेसतरा लाख झाला. आता त्यात पाच वर्षांचे सॉफ्टवेअर लायसन्स वर्षाला १ लाखाप्रमाणे ५ लाख, पहिले वर्ष वॉरंटीचे सोडून चार वर्षांची एएमसी (वार्षिक देखभाल करार) ४ लाख, आणि वीज मिळवावी. एक ॲक्सेस पॉइंट सरासरी २० वॉट घेतो असे धरले तर ३० नगांचे ६०० वॉट होतात. चोवीस तास, वर्षभर चालल्यास ५,२५६ युनिट, आणि ९ रुपये दराने पाच वर्षांचे सुमारे २ लाख ३६ हजार. एकूण बेरीज २८ लाख ८६ हजारांच्या आसपास जाते, म्हणजे वर्षाला सुमारे पावणेसहा लाख. ज्या ९ लाखांवर बैठकीत घासाघीस झाली ते या रकमेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी आहेत.

आता दुसरी बाजू. स्टोअर आणि डिस्पॅचमधील १२ माणसांना कागदी नोंदी कार्यालयात नेऊन देण्यात रोज प्रत्येकी अर्धा तास जातो असे निरीक्षणातून दिसले, तर रोजचे ६ तास आणि ३०० दिवसांचे १,८०० तास होतात. सर्व देणी धरून तासाला १२० रुपये खर्च मानला तर ही बचत वर्षाला २ लाख १६ हजारांची आहे. चुकीचा माल किंवा चुकीची संख्या गेल्यामुळे ग्राहकांनी गेल्या वर्षी ३ लाखांच्या डेबिट नोट दिल्या असतील आणि स्कॅनिंगमुळे त्या निम्म्यावर येतील असे धरले तर आणखी दीड लाख. शेडमधील मांडणी वर्षातून दोनदा बदलते आणि दर वेळी केबल हलवण्यास ४० हजार लागतात, ते वाचले तर ८० हजार. एकूण ४ लाख ४६ हजार. म्हणजे पावणेसहा लाखांचा वार्षिक खर्च भरून निघत नाही.

असे उत्तर आले की अनेक जण फायद्याच्या बाजूला ‘कार्यक्षमतेत वाढ’ अशी एखादी मोघम ओळ घालून बेरीज जुळवतात. ते टाळावे. त्याऐवजी व्याप्ती बदलून हिशेब पुन्हा मांडावा. फक्त स्टोअर आणि डिस्पॅच घेतले तर १२ ॲक्सेस पॉइंटचे ३ लाख ६० हजार, स्विच दीड लाख, केबल पावणेदोन लाख आणि सर्व्हे-उभारणी ८० हजार मिळून ७ लाख ६५ हजार होतात. पाच वर्षांचे लायसन्स २ लाख, एएमसी १ लाख ६० हजार आणि वीज ९५ हजार धरली तर एकूण १२ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या आत. त्यासमोर वेळेची आणि डेबिट नोटची बचत मिळून ३ लाख ६६ हजार उभी राहते. याचाच अर्थ, हा कारखाना वायरलेसमध्ये पैसे घालण्यास योग्य आहे, मात्र स्टोअर आणि डिस्पॅचपुरताच. शेडमधील जाळे एखाद्या ग्राहकाने प्रत्येक भागाचा मागोवा मागितला किंवा तपासणीच्या नोंदी थेट घेण्याची गरज पक्की झाली, की मग घ्यावे. टप्प्याटप्प्याने जाणे म्हणजे धाडस कमी असणे असा गैरसमज असतो. इथे तर आकडेच तसे सांगत आहेत.

एक दक्षता मात्र घ्यावी. वाचलेले तास ताळेबंदात तेव्हाच दिसतात, जेव्हा ओव्हरटाइम कमी होतो, वाढीव कामासाठी नवी भरती टळते किंवा त्याच माणसांकडून जास्त गाड्या भरल्या जातात. यांपैकी काय होणार ते स्टोअर-प्रमुखाने लिहून द्यावे, आणि सहा महिन्यांनी तेच तपासावे.

तिसरी पायरी : जागेवरचा सर्व्हे

संगणकावर नकाशा टाकून ॲक्सेस पॉइंटच्या जागा सुचवणारी सॉफ्टवेअर उपयोगी आहेत, पण कार्यालयासाठी. पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी रॅकमध्ये आणि तेलाच्या पिंपांमध्ये रेडिओलहरी परावर्तित होतात आणि अडतात, आणि तेथील खरी परिस्थिती प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळत नाही. त्यातही गोदाम रिकामे असताना घेतलेला सर्व्हे फसवा असतो. पाणी आणि धातू हे लहरींचे दोन मोठे अडथळे, आणि भरलेल्या रॅकमध्ये नेमके तेच असतात. म्हणून सर्व्हे महिनाअखेरीस, माल खच्चून भरलेला असताना करावा, किंवा निदान उंच भरलेल्या दोन रांगांमध्ये तरी करावा.

मोजमाप कशाने करायचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पुरवठादाराचा अभियंता चांगल्या अँटेनाचा लॅपटॉप घेऊन फिरतो आणि सगळीकडे हिरवा रंग दाखवतो. प्रत्यक्षात काम करणार असतो तो छोटा हँडहेल्ड स्कॅनर, ज्याची संकेत पाठवण्याची ताकद लॅपटॉपपेक्षा आणि ॲक्सेस पॉइंटपेक्षा कमी असते. त्यामुळे आपल्याकडील सर्वांत कमकुवत उपकरण हातात घेऊनच मोजमाप करण्याचा आग्रह धरावा. बोलण्यासाठी आणि चालता-चालता स्कॅन करण्यासाठी संकेताची पातळी उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगली (म्हणजे शून्याच्या अधिक जवळ) असावी आणि पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा ती किमान २५ डेसिबलने वर असावी, हा व्यवसायात रूढ असलेला मापदंड आहे. तो सर्व्हेच्या अहवालात जागोजागच्या आकड्यांसह मागावा. एका ॲक्सेस पॉइंटचा संकेत क्षीण होण्याच्या आत दुसऱ्याचा पुरेसा मिळतो की नाही, हेही त्याच अहवालात दिसले पाहिजे.

संकेत कमी पडतो असे दिसले की ॲक्सेस पॉइंटची ताकद वाढवण्याची सूचना हमखास येते. ती बहुधा चुकीची असते. ताकद वाढवल्याने ॲक्सेस पॉइंटचा संकेत स्कॅनरपर्यंत पोहोचतो, परंतु स्कॅनरचे उत्तर परत पोहोचत नाही; पडद्यावर चार पट्ट्या दिसतात आणि व्यवहार मात्र अडकून पडतो. शिवाय शेजारच्या ॲक्सेस पॉइंटला अडथळा होतो तो वेगळाच. दहा मीटर उंच शेडमध्ये साधा ॲक्सेस पॉइंट छताला टांगण्यापेक्षा खांबावर चार-पाच मीटरवर बसवणे किंवा रॅकच्या रांगेच्या दिशेने रोखलेला, एकाच दिशेला संकेत पाठवणारा अँटेना वापरणे जास्त परिणामकारक ठरते. जागा ठरवताना छताखालून फिरणाऱ्या ईओटी क्रेनचा मार्ग आणि फोर्कलिफ्टची उंची पाहावी.

शेडमधील मोटरांचे ड्राइव्ह आणि वेल्डिंगची यंत्रे यांचा त्रास वाय-फायच्या लहरींपेक्षा तांब्याच्या नेटवर्क केबलला जास्त होतो, म्हणून त्या केबल वीजवाहक ट्रेपासून दूर न्याव्यात. कॅन्टीनमधील मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतो.

चौथी पायरी : पट्टा आणि पिढी

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच मिळतात : १, ६ आणि ११. शेजारच्या कारखान्याचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि स्वस्त सेन्सर सगळे त्यातच असतात. म्हणून महत्त्वाचे काम ५ गिगाहर्ट्झवर ठेवावे. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ इतका पट्टा परवान्याविना वापरण्यास खुला झाला आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीची वीसाहून अधिक चॅनेल उपलब्ध झाली. परंतु वेग जास्त दिसावा म्हणून चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवली तर तीच संख्या पाच-सहावर येते आणि जवळजवळचे ॲक्सेस पॉइंट एकमेकांच्या वाटेत येतात. स्कॅनरला अत्यल्प माहिती पाठवायची असते. त्याला वेगापेक्षा मोकळे चॅनेल हवे. गोदामात २० मेगाहर्ट्झ आणि कार्यालयात ४० ही रुंदी बहुतेक ठिकाणी पुरते. विमानतळ, हवाई दलाचा तळ किंवा हवामान रडार जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झमधील काही चॅनेल उपकरणांना अचानक सोडावी लागतात, हे ध्यानात ठेवून डिस्पॅचसाठी ती वगळावीत.

कोणत्या पिढीचे उपकरण घ्यावे, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. वाय-फाय ६ चे प्रमाणीकरण २०१९ मध्ये सुरू झाले आणि वाय-फाय ७ चे जानेवारी २०२४ मध्ये. वाय-फाय ७ च्या जाहिरातीतील सर्वांत मोठे वेग ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवर आधारलेले असतात आणि एवढे रुंद चॅनेल केवळ ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच शक्य आहे. भारतात दूरसंचार विभागाने ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झ हा भाग कमी ताकदीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. या ५०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० चे एकच चॅनेल बसते. म्हणजे तीस ॲक्सेस पॉइंटच्या जाळ्यात त्या वेगाचा उपयोग होत नाही. खरेदीच्या वेळी लागू असलेली अधिसूचना पाहावी आणि विशिष्ट मॉडेलला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) उपकरण मान्यता आहे का, याचा कागद पुरवठादाराकडून घ्यावा. माझे मत असे की, ज्या कारखान्यातील स्कॅनर आणि टॅब्लेट पुढील तीन-चार वर्षे बदलणार नाहीत, त्याने चांगल्या प्रतीचा वाय-फाय ६ घेऊन उरलेले पैसे केबल आणि यूपीएसवर घालावेत.

खासगी ५जी हा पर्याय अलीकडे बैठकांमध्ये वारंवार येतो. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये कारखान्यांसारख्या संस्थांच्या स्वतंत्र जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि बंदरे, खाणी, विस्तीर्ण प्रकल्प यांसाठी तो गंभीरपणे विचारात घ्यावा असा आहे, कारण मोठ्या मोकळ्या क्षेत्रात आणि वेगाने फिरणाऱ्या वाहनांसाठी तो वाय-फायपेक्षा भरवशाचा ठरतो. तीनशे माणसांच्या कारखान्यासाठी परवानगी किंवा दूरसंचार कंपनीशी करार, सिम घेणारी नवी उपकरणे आणि वेगळे तज्ज्ञ हा भार आज तरी जड आहे.

पाचवी पायरी : केबल, वीज आणि पावसाळा

वायरलेस जाळ्याचा पाया केबलचाच असतो, आणि बहुतेक बिघाडही तिथेच सापडतात. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि ती सरळ रेषेत नव्हे, तर खांबावरून चढून, ट्रेमधून वळून स्विचपर्यंत पोहोचेपर्यंतच्या पूर्ण लांबीची आहे. लांब शेडमध्ये म्हणूनच मध्यावर स्विचची छोटी, धूळरोधक पेटी द्यावी लागते. नवी केबल टाकायचीच असेल तर कॅट ६ए टाकावी. ॲक्सेस पॉइंट पाच-सहा वर्षांत बदलतील, केबल त्यापुढेही राहील.

ॲक्सेस पॉइंटला वीज त्याच केबलमधून, म्हणजे पीओईने, मिळते. जुन्या प्रमाणानुसार एका पोर्टमधून १५.४ वॉट, त्यानंतरच्या प्रमाणात ३० वॉट आणि २०१८ च्या प्रमाणात ९० वॉटपर्यंत वीज देता येते. जुना स्विच तसाच ठेवून नवे ॲक्सेस पॉइंट जोडले तर ते चालू होतात, पण वीज कमी पडल्यामुळे काही रेडिओ बंद ठेवतात, आणि दोष मात्र ॲक्सेस पॉइंटला लागतो. पोर्टची क्षमता आणि संपूर्ण स्विचचे बजेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : २४ पोर्टना प्रत्येकी ३० वॉट द्यायचे तर ७२० वॉट लागतील, परंतु बाजारातील अनेक २४ पोर्टच्या स्विचचे एकूण बजेट ३७० वॉटच्या आसपास असते. कोटेशनमध्ये ही संख्या स्पष्ट लिहून घ्यावी.

पीओईचा मोठा लाभ असा की स्विचला यूपीएस दिला की सर्व ॲक्सेस पॉइंट आपोआप सुरक्षित होतात. वीज गेल्यावर जनरेटर काही सेकंदांत सुरू होत असला, तरी तेवढ्यात स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे लागतात आणि तितका वेळ डिस्पॅच ठप्प असते.

दोन इमारतींमधील जोडणी तांब्याने करू नये. पावसाळ्यापूर्वीच्या वळिवात विजा चमकतात तेव्हा दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक केबलमधून वाहतो आणि एका क्षणात दोन्हीकडचे स्विच जळतात. फायबर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे हा धोका टळतो. अंगणातील ॲक्सेस पॉइंट पाणीरोधक प्रकारचे असावेत, केबल खालच्या बाजूने आत घ्यावी, आणि उंदरांपासून संरक्षणासाठी ती लोखंडी पाइपातून न्यावी.

वाय-फाय आणि इंटरनेट यांत गल्लत होऊ नये. ईआरपी (कारखान्याचे व्यवहार नोंदवणारी संगणक प्रणाली) क्लाउडवर असेल तर रस्त्याच्या खोदकामात लाइन तुटल्यावर उत्तम वाय-फाय असूनही स्कॅनर थांबणार. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि आवारात दोन वेगळ्या बाजूंनी येणाऱ्या लाइन घ्याव्यात.

सहावी पायरी : सुरक्षा

सर्वांसाठी एकच पासवर्ड ठेवणे ही मध्यम कारखान्यांतील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक पद्धत आहे. नोकरी सोडून गेलेला कर्मचारी, तात्पुरता ठेकेदार आणि फाटकाबाहेर उभा असलेला चालक या सर्वांकडे तो पोहोचलेला असतो. कर्मचाऱ्यांना प्रत्येकाच्या स्वतंत्र ओळखीने प्रवेश द्यावा, म्हणजे माणूस गेला की त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करता येतो. स्कॅनर, कर्मचारी आणि पाहुणे अशी वाय-फायची तीन वेगळी नावे (एसएसआयडी) पुरतात. प्रत्येक अतिरिक्त नावामुळे हवेतील उपयुक्त वेळ थोडा खर्ची पडतो. पाहुण्यांच्या जाळ्यातून केवळ इंटरनेट दिसावे, आणि उत्पादन यंत्रांचे नियंत्रण करणारे जाळे या तिन्हींपासून फायरवॉलने वेगळे असावे. डब्ल्यूपीए३ हे संरक्षण २०१८ पासून उपलब्ध आहे, पण जुने स्कॅनर ते ओळखत नाहीत. अशा उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ ठेवावे लागले तर त्यांना फक्त ईआरपीच्या सर्व्हरपर्यंतच वाट द्यावी.

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या प्रणालींचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपून ठेवणे, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणे आवश्यक आहे. क्लाउडवरून चालणारे वायरलेस नियंत्रण घेताना लॉग कुठे साठतात आणि किती दिवस राहतात, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. अनेक योजनांत ही मुदत १८० दिवसांपेक्षा कमी असते आणि मग वेगळ्या साठवणीची सोय करावी लागते. पाहुण्यांचे मोबाइल क्रमांक घेत असाल तर २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ते कशासाठी घेतले आणि कधी पुसले जातील, हेही ठरवून ठेवावे.

सातवी पायरी : खरेदीचा आदेश

कोटेशनची तुलना दरावर करण्यापूर्वी चार प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. लायसन्सची मुदत संपल्यावर ॲक्सेस पॉइंट चालू राहतात, की फक्त बदल करता येत नाहीत, की पूर्णच बंद होतात? या मॉडेलची विक्री आणि सुरक्षा-अद्यतने कधी थांबणार आहेत? नग बिघडल्यास बदली किती तासांत आणि कुठून येईल? आणि सर्व व्यवस्थापकीय पासवर्ड, मांडणीची फाइल, केबलचा नकाशा यांची मालकी कोणाची? शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तर पुरवठादार बदलण्याच्या वेळी कारखाना अडकून पडतो.

खरेदीच्या आदेशात (पीओ) ‘३० ॲक्सेस पॉइंट बसवणे’ असे न लिहिता, ठरवलेल्या जागी, आपल्या स्कॅनरवर, भरलेल्या रॅकमध्ये कोणती पातळी मिळाली पाहिजे ते लिहावे आणि रकमेचा दहा-पंधरा टक्के भाग त्या चाचणीनंतरच द्यावा. दोन सुटे ॲक्सेस पॉइंट आणि एक सुटा स्विच त्याच आदेशात घ्यावा. चाकणला रविवारी रात्री नग मिळत नाही.

आठवी पायरी : एका रांगेतली परीक्षा

पूर्ण जाळे उभारण्यापूर्वी स्टोअरच्या सर्वांत अवघड दोन रांगांत आणि डिस्पॅचच्या एका दारावर ते दोन आठवडे चालवावे, आणि या काळात जुनी कागदी पद्धतही सुरू ठेवावी. परीक्षा प्रत्यक्ष कामाचीच असावी : स्कॅनर हातात घेऊन फोर्कलिफ्टच्या वेगाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना नोंदी होतात का, एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना किती वेळ खंड पडतो, एक ॲक्सेस पॉइंट मुद्दाम बंद केल्यावर शेजारचे काम सांभाळतात का, आणि मुख्य वीज घालवल्यावर काय होते. जलद हस्तांतरणाची सुविधा सुरू केल्यावर काही जुने स्कॅनर जाळ्याला जोडलेच जात नाहीत, हा दोष याच टप्प्यावर सापडतो आणि सेटिंग बदलून सुटतो. जाळ्यात १ आणि २ मेगाबिटचे जुने, संथ वेग बंद ठेवण्याचा परिणामही इथेच तपासावा.

स्टोअरमधील माणसांचे म्हणणे या काळात रोज लिहून घ्यावे. स्कॅनर पाच सेकंद अडला की माणूस तो खिशात ठेवून पुन्हा कागदावर लिहू लागतो, आणि एकदा ती सवय परतली की गुंतवणुकीचा हिशेबही कोसळतो. त्यामुळे प्रशिक्षणासाठी शिफ्टमधला वेळ राखून ठेवणे हा खर्च मानावा आणि तो पहिल्याच बेरजेत धरावा.

नववी पायरी : चालवणे

जाळ्याची जबाबदारी एका नावावर असली पाहिजे. मोठी टोळी असण्याची गरज नाही, पण ज्याच्या कामाच्या वर्णनात हे लिहिले आहे असा एक माणूस हवा. त्याने आठवड्यातून एकदा कोणते ॲक्सेस पॉइंट वारंवार बंद पडतात आणि कोणत्या स्कॅनरची जोडणी सतत तुटते ते पाहावे, दर तिमाहीत सॉफ्टवेअरची अद्यतने आधी एका कोपऱ्यात आणि मग सर्वत्र करावीत, आणि शेडमधील रॅक किंवा यंत्रे हलवली की त्या भागाचे मोजमाप पुन्हा घ्यावे. मांडणीतील बदलाच्या मंजुरीच्या कागदावर त्याची सही असण्याची पद्धत घातली तर हे विसरले जात नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या पायरीतील हिशेब पुन्हा उघडावा. डेबिट नोट किती कमी झाल्या, ओव्हरटाइम किती घटला, गाडी भरण्यास लागणारा वेळ किती आला, आणि जाळे किती वेळ बंद होते, हे चार आकडे लेखा विभागाकडून घ्यावेत. शेडमधील दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव या आकड्यांसहच संचालकांपुढे ठेवावा, आणि पहिल्या टप्प्यातील उपकरणांची सुरक्षा-अद्यतने थांबण्याची तारीख त्याच प्रस्तावात लिहावी, म्हणजे बदलीचा निधी चौथ्या वर्षापासून बाजूला काढता येईल.